दारापतुर आलेलं पाणी

"हॅलो?... हॅलो?... कोन, क्षमा व्हय? अगं मोठ्यानं बोल. पत्र्यावर पाऊस वाजतुया, काय आइकू येत न्हाई... थांब, थांब, ठेवू नगंस. जिन्यात येते."

राहीबाई पदर खोचत जिन्यात आली. कडेगावच्या त्या घरात फोनला नीट रेंज मिळायची ती फक्त जिन्याच्या सातव्या पायरीवर. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला हे सांगावं लागायचं, आणि सांगूनही जो तो खालूनच ओरडत बसायचा. राहीबाईसुद्धा घाईत असली की खालूनच बोलायची, आणि फोन तुटला की फोनलाच बोल लावायची.

"हां, आता बोल... व्हय, येतंय आइकू. कुठवर आलायसा?... सातारला? आजून सातारलाच? आठ वाजता तर खंबाटकी सोडली म्हनत हुतीस... काय?... हायवे बंद? कुठनं?... उंब्रजच्या फुडं. रस्त्यावर पानी... अगं बया... चार-चार किलोमीटर रांग. आन् पोलीस माघारी फिरवत्यात... बरं. बरं. तुमी सगळी धड हायसा न्हवं?... मग झालं तर."

तिचा मुलगा जयराज चोवीस वर्षं फौजेत काढून सुभेदार म्हणून निवृत्त झाला होता. शेवटचं पोस्टिंग पठाणकोटचं. तिथून कडेगाव म्हणजे दोन हजार किलोमीटरच्या आसपास. सगळा संसार एका ट्रकात भरलेला, आणि मागून गाडीत जयराज, त्याची बायको क्षमा आणि सातवीतली शिवांजली. चार दिवसांत पोहोचायचं ठरलं होतं. आज सहावा दिवस होता. राजस्थानात वादळानं ट्रकची ताडपत्री फाडली, गुजरातेत पावसानं दीड दिवस एका ढाब्यावर बसवून ठेवलं, आणि आता घर तासा-दोन तासांवर आलं तर साताऱ्यातच गाडी अडली.

"पोरगी कशी हाय?... उलट्या? कवापसनं?... अगं मग आलं चाटीव तिला... आलं कुठलं आता, व्हय. लिंबू तरी बगा... झोपली का? झोपू दे. उठवू नगंस... जेवान? माझं काय गं, झालंय सगळं. वांग्याचं कालवन केलंय, आमटी केली, भात तेवढा पातेल्यात हाय आजून. अकरा मानसं सामान उतरवायला बोलवून बसवल्यात भावजींनी. सकाळपसनं च्या पिऊन पिऊन त्येंची पोटं फुगली."

ती माणसं खाली शेडमध्ये पोत्यांवर बसली होती. अर्जुना, म्हणजे राहीबाईच्या नवऱ्याचा, आकारामचा चुलतभाऊ, त्यांचा पुढारी. आकाराम जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून राहीबाईच्या घरचं जड काम आलं की अर्जुनाच माणसं गोळा करायचा. त्यांनी दोन दोर आणले होते, कपाटाच्या खाली सारायला जुनी पोती आणली होती, आणि फ्रीज वरच्या खोलीत उभा न्यायचा की आडवा यावर त्यांचं दोनदा भांडण होऊन मिटलंही होतं.

"बरं, ह्ये बग. अगं, ऐक ना... हायवेच्या नादाला लागू नगा. कोरेगाववरनं या. कोरेगाव, रहिमतपूर, औंध, पुसेसावळी, सरळ रस्ता हाय. तिकडं पानी नसतंय. सकाळची एस.टी. आली की त्या वाटंनं... ट्रक बी येतुया. का न्हाई येत? उसाच्या गाड्या येत्यात, तुझ्या ट्रकाला काय झालं?... ट्रकावर कोन, बिराप्पाच हाय न्हवं? जतचा मानूस त्यो, त्येला सगळे रस्ते तोंडपाठ असत्यात. त्येला नुसतं पुसेसावळी म्हन, फुडचं त्यो बगतुया... हॅलो?... का गप झालीस?"

राहीबाईनं फोनकडे बघितलं. दांड्या पुऱ्या होत्या. म्हणजे रेंज गेली नव्हती, क्षमाच गप्प झाली होती.

"ट्रक कुठं हाय गं?... कुनाकडं?... अनीशकडं? सातारच्या तुझ्या भावाकडं?... त्यो कशाला तिकडं नेला?... आत्ता?... काय करत्यात म्हनलीस?... उतरवत्यात? काय उतरवत्यात?... अगं सामान उतरवत्यात म्हंजे? कुठं उतरवत्यात?... त्येच्या खालचा फ्लॅट. मोकळा हाय म्हून... फ्रीज उतरला? कपाट?... थांब. जरा थांब. ह्ये कुनी सांगितलं तुमास्नी?"

"मी?"

"मी कवा सांगितलं?... सकाळच्या फोनवर... व्हय, केलता की मी फोन. तूच उचललास... व्हय, म्हनले. पानी आलं म्हनले. दारापतुर आलं म्हनले... मग फोन तुटला. मी खालनं लावला हुता, तुटनारच... मग? त्येचं काय?..."

मग एकदम तिच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ती जिन्याच्या कठड्याला धरून हसायला लागली. खालून अर्जुनानं मान वर करून बघितलं. तिनं त्याला हातानंच काही नाही, काही नाही म्हणून सांगितलं.

"अगं येडे! अगं पूर न्हवं गं! टेंभूचं पानी! पाटाला पानी आलं म्हनत हुते मी!... पाट. कॅनॉल गं, कॅनॉल. आपल्या घरामागनं जातुया न्हवं, त्यो... व्हय, त्यो कोरडा ठक्क असतुया, त्यालाच पानी आलं. गेल्या खेपंला वरच्या वाडीपतुरच आलं हुतं, ह्या खेपंला आपल्या दारापतुर आलं. भावजींनी नारळ फोडला, मी म्हनलं पोरास्नी सांगावं, येताना चांगली खबर... आन् तू तिकडं ट्रकच रिकामा केलास!"

कडेगाव आणि सांगली एकाच जिल्ह्यात आहेत, पण 'पाणी आलं' हे दोन शब्द दोन्हीकडे सारखे नाहीत. कडेगावचा भाग उंचावरचा आणि कोरडा. तिकडं कृष्णेला पूर आला की टेंभू उपसा योजनेचे पंप चालू करून जास्तीचं पाणी वर उपसतात आणि पाटानं या गावांना सोडतात. त्यामुळे सांगलीतली माणसं गाद्या आणि गॅसची शेगडी डोक्यावर घेऊन माडी चढत असतात, त्याच दिवशी कडेगावात पाटाच्या कडेला पेढे वाटले जातात. क्षमा सांगलीची, नदीकाठच्या पेठेतली. तिच्या कानाला या शब्दांचा एकच अर्थ माहीत होता.

"आता हास की जरा... हॅलो?... क्षमा?... रडतीस व्हय गं?... अगं रडतीस कशाला, काय झालं न्हाई कुनाला... व्हय... व्हय, सांगितलं हुतंस की तू... तुझ्या आईचं शिवनाचं मशीन... आन् लग्नाचा आल्बम. व्हय, गाळानं भरला हुता, दाखीवला हुतास मला... दुसऱ्या मजल्यापतुर. व्हय गं... न्हाई, न्हाई, तुझी काय चूक? चूक माजी. सांगलीच्या पोरीला फोनवर असं अर्धं सांगू नये, माझ्याच ध्यानात याय पायजे हुतं."

राहीबाईला खरोखरच वाईट वाटलं. सांगलीला मोठा पूर आला तेव्हा क्षमा हजारो किलोमीटर लांब होती, आणि आपलं माहेर पाण्याखाली जाताना तिनं ते कुणाच्या तरी मोबाईलच्या व्हिडिओत बघितलं होतं. 'पाणी दारापतुर आलं' म्हटल्यावर तिनं सामान वाचवलं, यात हसण्यासारखं काही नव्हतं. आपण उगाच हसलो असं राहीबाईला वाटलं, आणि ती पटकन कामाचं बोलू लागली. वाईट वाटलं की तिला कामाचं बोलणं बरं पडायचं.

"बरं, डोळं पूस. आता असं कर. उतरवलेलं परत चढवा. किती उतारलंय?... निम्मं. मग काय, दीड तासाचं काम. अनीशला म्हनावं चार मानसं बग. दोन वाजता जरी निघालासा तरी पाचच्या आत हितं. उजेडात उतरून हुतंय... त्यो कूलर मातुर तितंच ठिवा, हितं काय करायचा त्यो... हां, हासलीस. बरं वाटलं."

"आन् जयराज कुठं हाय?... खाली. खोकी मोजतुया. मोजू दे, फौजेची सवय... पर काय गं क्षमा, त्यो काय म्हनला न्हाई तुला सकाळी? पूर न्हवं म्हून?... गाडी चालवत हुता. मग आइकलं न्हसंल त्येनं... काय?... कशावर?"

"स्पीकरवर?"

राहीबाईनं फोन या कानावरून त्या कानावर घेतला. उगाचच. ऐकू नीट येत होतं.

"स्पीकरवर हुता फोन. म्हंजे माजा आवाज त्येला बी गेला... पानी आलं, दारापतुर आलं, ह्ये समदं त्येनं आइकलं. मग काय म्हनला?... अगं आठवून सांग. जसं म्हनला तसं सांग... 'अनीशला फोन लाव.'... ह्ये तू म्हनलीस का त्यो म्हनला?... त्यो म्हनला. आदी त्योच म्हनला... आन् मोकळ्या फ्लॅटचं?... ते बी त्येला ठावं हुतं."

क्षमाचा घोटाळा होणं साहजिक होतं. पण जयराज कडेगावात जन्मला होता. त्याच्या लहानपणी टँकर यायचा तेव्हा घागर घेऊन तो रांगेत उभा राहायचा. गेल्या रजेत वरच्या वाडीपर्यंत पाटाला पाणी आलं तेव्हा यानंच पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाटात उभं राहून आईला फोन केला होता, "आई, पानी आलं गं!" म्हणून. कडेगावात पूर येत नाही हे त्याला सांगायची गरज नव्हती. या घरात 'पाणी आलं' म्हणजे काय, हे त्याच्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं.

"न्हाई, काय न्हाई. गप कुठं, हाय मी हितंच... क्षमा, तुला एक इचारू? खरं सांगशील?... तुला ठावं हुतं का?... न्हाई, शपथ घालू नगंस. तुझ्या आवाजावरनंच कळतंय मला... व्हय, मला जे वाटतंय तेच तुला बी वाटाय लागलंय आता... तू भांडू नगंस त्येच्याशी. पोरगी उठंल. नुसता फोन दे त्येला. जा, खाली जा आन् दे. मी धरते."

क्षमा जिना उतरत असावी. फोनमध्ये चपलांचा आवाज आला, मग कुणीतरी "हळू, काच आहे" म्हणाल्याचा, मग नुसता पाऊस. तिकडचाही पाऊस इकडच्यासारखाच वाजत होता. खालून अर्जुनानं विचारलं, ट्रक कुठवर आला? राहीबाई म्हणाली, "जरा दम धरा, भावजी. बोलतीया मी." तिनं कोपर कठड्यावर टेकवलं.

गेलं वर्षभर ती एकाच गोष्टीसाठी राबत होती. वरच्या दोन खोल्या बांधून घेतल्या, खिडक्यांना जाळ्या बसवल्या, शिवांजलीला अभ्यासाला म्हणून भिंतीत कप्पे काढले. गावात जो भेटेल त्याला सांगितलं की आता पोरगा कायमचा घरी येणार. मुलगा घरात राहायला येतो की नाही, एवढाच आता प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर साताऱ्याच्या कुठल्याशा पार्किंगमध्ये खोकी मोजत उभं होतं.

"जयराज?... व्हय, मीच... सांगितलं तिनं... न्हाई, थांब. तू आदी बोलू नगंस. मी इचारते तेवढंच सांग. सकाळी मी पानी आलं म्हनले. तू आइकलंस?... रेंज ऱ्हाऊ दे. शबूद आइकू आले का न्हाई?... आले. मग काय वाटलं तुला?... पूर?... कडेगावाला?"

"जयराज, किस्ना हितनं तीस किलोमीटर लांब हाय. बोअरला पानी लागंना म्हून तुझ्या बापानं तीनदा मशीन आनलं हुतं. तितं पूर आला असं तुला वाटलं?... बोल की... पाऊस लय हुता म्हून... बरं... बरं... अजून काय?..."

"हां. आता खरं बोललास."

ती सातव्या पायरीवर खाली बसली. फोन आला की ती उभ्यानंच बोलायची, कारण बसलं की गुडघे उठू देत नाहीत. आज बसली.

"कवापसनं ठरलीया नोकरी?... मे म्हैन्यापसनं. सातारला... कसली शाळा?... पोरास्नी कवायत शिकवायची. खेळ. बरं... वाईट कुठं म्हनतीया मी? चांगली हाय की. चांगली नोकरी हाय... आन् क्षमाला?... तिला काय सांगितलंस?... न्हाई म्हून कळीवलं असं सांगितलंस. म्हंजे तिला बी फशिवलंस. आन् ट्रक? ट्रक कडेगावला आला असता मग?... मग उतरून घेतलं असतंस, आन् चार दिसांनी सांगितलं असतंस. का सहा म्हैन्यांनी?... तुझं तुला बी ठावं न्हाई."

"मधीच ह्यो पाऊस आला आन् तुझं काम झालं."

हे ती रागानं म्हणाली नाही. हवामानाचा अंदाज वाचावा तसं म्हणाली. पण तिकडून जयराज बराच वेळ काहीतरी सांगत राहिला, आणि ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत ऐकत राहिली.

"हं... हं... व्हय... आरं पर त्यात काय एवढं?... ऊस येत न्हाई म्हंजे? कुनाला आईच्या पोटातनं येतुया ऊस? शिकतंय मानूस... काय?... कांदा?... कसला कांदा?... बिरदेवाचा?"

"आरं देवा. त्येच का आजून!"

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. जयराज रजेवर आला होता आणि हौसेनं वरच्या वाडीजवळच्या शेतात दारं धरायला गेला. दारं धरणं म्हणजे पाटाचं पाणी या सरीतून त्या सरीत वळवत शेत भिजवणं. बघणाऱ्याला वाटतं नुसतं खोरं घेऊन उभं राहायचं असतं. जयराजनं एक दार फोडलं आणि दुसरं बांधायचं राहिलं, आणि सगळं पाणी बांध ओलांडून शेजारच्या बिरदेवाच्या काढणीला आलेल्या कांद्यात शिरलं. बिरदेव भला माणूस, काही बोलला नाही. पण गावानं ते सोडलं नाही. सुभेदारानं कांद्याची अख्खी पलटण बुडवली, असं आठवडाभर चावडीपासून दूध डेअरीपर्यंत चाललं होतं. जयराजही त्यांच्याबरोबर हसला होता, आणि सगळ्यांना वाटलं की त्यालाही मजा वाटली.

"आरं, पर ती हासायचीच गोष्ट हुती रं... व्हय, हासलं गाव. कुनावर हासत न्हाई गाव? भावजींचा बैल हिरीत पडला तवा म्हैनाभर हासत हुतं... तुला लागलं हुतं तर तवाच बोलायचं... व्हय, तुझ्या हाताखाली दोनशे मानूस हुतं, ते ठावं हाय मला... हितं तुला कुनी काय इचारत न्हाई. बरं. रोज कुनाला तरी इचारावं लागंल, पानी कवा, खत किती... आन् ते शिकीवताना हासतील... कोन हासंल? नाव सांग. भावजी हासतील? बिरदेव?..."

"मी?"

"मी बी हासले... व्हय. हासले हुते... सगळ्यांम्होरं. व्हय रं."

तिला तो दिवस आठवला. शेडमध्ये माणसं बसली होती, तिनं चहा आणला होता, आणि कुणीतरी पलटणीचं बोललं तेव्हा तिला एवढं हसू आलं की चहाची बशी सांडली. जयराज चिखलानं भरलेले पाय धुवत दारात उभा होता. त्याचं तोंड कसं झालं होतं ते तिनं बघितलं नव्हतं. आज दीड वर्षानं, साताऱ्याहून फोनवर, ते तिला दिसलं. नोकरी, शाळा, शिवांजलीचं शिक्षण हे सगळं खरं असेलही. पण त्याच्या पुढं आईचं ते हसणं उभं होतं, आणि तिला ते माहीतच नव्हतं. तिला फार वाईट वाटलं.

"मला कळलं न्हाई रं. मला वाटलं, एवढा मोठा सुभेदार, त्येला काय लागतंय... न्हाई, न्हाई. तू माफी मागू नगंस. दोघांनी मागितली तर कोन कुनाला देनार... ऱ्हाऊ दे ते."

खालून पुन्हा हाक आली. पाऊस थोडा उघडला होता, आणि अकरा माणसांना आता भूकही लागली होती.

"जयराज, आता मला एक सांग. खाली मानसं बसल्यात. सकाळपसनं दोर घिऊन. त्यास्नी काय सांगू?... काय सांगू म्हनतूस?... पूर आला म्हून?... हायवे बंद हाय, सामान चार-आठ दिस सातारला ठेवलंय. बरं. आन् चार-आठ दिसांनी काय सांगू?... ताडपत्री भिजली, फर्निचर वाळवायला ठेवलंय... मग म्हैन्यानं?... दिवाळीला?"

खोटं तसं फार सोपं होतं. कुणाला शंकासुद्धा आली नसती. टीव्हीवर सकाळपासून तोच रस्ता, तेच पाणी, त्याच गाड्यांच्या रांगा दाखवत होते. ती 'पूर' म्हणाली असती तर सगळ्यांनी हळहळून माना हलवल्या असत्या, आणि तिची मान खाली गेली नसती. शिवाय त्या खोट्यात एक सोय अशी होती की तिलाही चार-आठ दिवस वाटत राहिलं असतं, येईल. राहीबाईनं याचा विचार केला नाही असं नाही. कठडा धरून उठेपर्यंत तिनं तो पुरता केला.

"न्हाई, जयराज. मी पुराचं नाव घेनार न्हाई. तू सकाळी माझ्या शबदाआड लपलास, ते झालं. आता मला पावसाआड लपवू नगंस... नाक कापलं जाईल तर जाईल. माजं हाय ते. तू ऐक. फोन ठेवू नगंस. कानाला धर."

तिनं फोन हातात तसाच धरला आणि कठड्यावरून खाली वाकली.

"अर्जुनाभावजी! आवं भावजी!... दोर ठिवा ते. ट्रक येत न्हाई... न्हाई, पुराचं काय न्हाई. रस्त्याचं बी न्हाई, पुसेसावळीची वाट उघडी हाय. जयराज सातारला ऱ्हानार हाय. शाळंत नोकरी लागली त्येला. त्येला तितंच ऱ्हायाचं हाय... व्हय. कायमचं... पानं मांडा, जेवून जावा सगळी. भात तयार हाय."

 शेडमध्ये कुणीतरी दोर गुंडाळायला घेतला. बिरदेवही त्या अकरांत होता. तो म्हणाला, "बरं झालं की, काकी. नोकरी चांगली असती." अर्जुना उठून पानं मांडायला लागला. राहीबाईनं फोन परत कानाला लावला.

"आइकलंस?... झालं. आता तुला गावात कुनाला सांगायचं ऱ्हायलं न्हाई. आन् मला बी... आरं, रडतूस कशाला? बायको बगतीया न्हवं तितं... मी रागावले न्हाई. वाईट वाटलंय, लय वाईट वाटलंय, पर रागावले न्हाई... सामान नीट लावून घ्या. क्षमाला म्हनावं, कपाट भिंतीला टेकवू नगंस, नव्या भिंतीला वल असती... काय?... उद्या?... उद्या येतूस? ये की. तिघं बी या. कोरेगाववरनं या... न्हाई, आनू नगंस काय. नुसता ये. कांदा बी आनू नगंस."

"हासलास. बरं झालं."

"ठिवू आता? मानसं पानावर बसल्यात... ठेव... ठेव की रं."

चोवीस वर्षांत फोन नेहमी तिकडून ठेवला जायचा. कधी ड्यूटी लागायची, कधी मागं रांग असायची, कधी नुसतंच "बरं आई" म्हणून पलीकडं शांत व्हायचं, आणि ती बंद झालेला फोन कानाला लावून आणखी दोन वाक्यं बोलत राहायची. आज जयराजच्यानं फोन ठेववत नव्हता. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता, आणि त्याच्या मागं कपाट सरकवणाऱ्या माणसांचा आरडाओरडा. 

"बरं बाळा," ती म्हणाली, आणि तिनंच फोन बंद केला.